डावखुरी फौज

मी भांड्यांवर नावं घालतो. निजामपुऱ्यात, दोन्ही बाजूंना कापडाचे लूम खडखडत असलेल्या गल्लीत माझं दुकान आहे. लग्नाचा सीझन आला की स्टीलचे डबे, पितळी समया, तांब्याचे हंडे यांची चळत लागते आणि मी प्रत्येकावर 'मामा-मामींकडून सप्रेम भेट' कोरत बसतो. फार बोलायची मला सवय नाही आणि त्या आवाजात बोलून उपयोगही नाही. गिऱ्हाईक चिठ्ठी देतं, मी कोरतो. आजवर कुणाच्या भांड्यावर चुकीचं नाव गेलेलं नाही. एका घराण्याच्या अख्ख्या सैन्याचा हात मात्र माझ्याकडून चुकला. तो चुकला हे मी लपवलं आणि लपवताना एका सज्जन माणसाचं गावात हसं केलं. पुढे मी खरं सांगूनही पाहिलं. कुणाला पटलं नाही. म्हणून आता लिहून काढतो. नावं मात्र कुणाचीच घालणार नाही, धंदा तोच असला तरी.

तरुणपणी मी मुंबईच्या एका कलाशाळेत दोन वर्षं काढली. तिथं छापचित्रं शिकलो. तांब्याच्या पत्र्यावर ब्युरिन नावाच्या बारीक छिन्नीनं रेघा खणायच्या, त्यांत शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रोलरखालून काढायचा. खणलेल्या रेघांतली शाई कागद उचलतो. पुढे वडील आजारी पडले, दुकान माझ्याकडे आलं आणि शिक्षण तिथंच थांबलं. पण खाज गेली नाही. लूमचे सुटे भाग करणाऱ्या एका लेथवाल्याकडून मी दोन रोलरचं प्रेस बनवून घेतलं आणि दुकानाच्या दारात ठेवलं. आत जागाच नव्हती. ते दिसायचं हुबेहूब रसवंतीच्या चरकासारखं. मे महिन्यात रोज कुणीतरी घाम पुसत थांबायचं, "भैया, एक गिलास, बरफ कम."

कधीमधी एखादा गणपती, एखादं गलबत छापून मी भिंतीला लावायचो. लोक मला पेंटर म्हणायला लागले. मी आयुष्यात ब्रशनं काही रंगवलेलं नाही, पण आमच्याकडे ज्याला चित्र काढता येतं तो पेंटर, आणि एकदा पेंटर म्हटलं की मेला तरी पेंटर.

असाच एकदा अंजूरच्या पुढच्या एका खाडीकाठच्या गावातून एक आजोबा आले. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या भातशेतीवर आता गोडाऊनं उभी होती, गोडाऊनांच्या भाड्यावर बंगला उभा राहत होता आणि बंगल्याच्या हॉलमध्ये एक भिंत रिकामी होती.

"पेंटर," आबा म्हणाले, "मना लढाई पायजे."

हे मला नवीन नव्हतं. त्या पट्ट्यात जमिनी गेल्या आणि बंगले आले, तशा भिंतींवर लढाया लागायला लागल्या होत्या. कुणाकडे प्लास्टरात उठवलेली, कुणाकडे फ्लेक्सवर छापलेली. जमीन होती तोवर तिच्यासाठी कोण लढलं ते कुणी विचारलं नव्हतं. जमीन गोडाऊनवाल्यांना दिल्यावर सगळ्यांना एकदम पूर्वज आठवले. मी हे तेव्हा मनात म्हटलं. तोंडानं म्हणालो, "फ्लेक्स स्वस्तात होईल, आबा."

"समोरच्याच्या घरी फ्लेक्स हाय. उन्हानं त्याचा सरदार निला पडलाय. मना तांब्यातलं पायजे. भांड्यावरचं नाव जातं का कदी? तसं."

मग त्यांनी हकिगत सांगितली. त्यांच्या घराण्याच्या मूळपुरुषानं खाडीपलीकडच्या फिरंग्यांच्या किल्ल्यावर चढाई करणाऱ्या सैन्याला आपल्या होड्यांतून रात्रीत पार नेलं होतं.

"म्हणजे ते स्वतः लढले का?" मी विचारलं.

"मंग काय नाव उगाच वल्हवली? उतरला आसंल खाली. कोन बसून राहील होडीत?"

"बरं."

"आमचा मानूस म्होरं पायजे. धुरात नको. आनि मेलेला नको."

मी पेन्सिलीनं कच्चं काढून दाखवतो म्हणालो, तर हात झटकून म्हणाले, "पेन्सिलीचं काय बगायचं? पक्कं आन." हे त्यांचं एक वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

कामाला मी जीव लावला हे खरं. लढाई कोरणं वाटतं तितकं शूरपणाचं काम नाही. निम्मी लढाई धूर असते आणि धूर म्हणजे न कोरलेला पत्रा. जिथं घोड्याचा पाय जमत नाही तिथं धूर सोडायचा. सैन्य तर त्याहून सोपं. पुढची चार माणसं नीट काढायची, मागची पागोटी, त्यामागे नुसते ठिपके. बघणारा ठिपके मोजत नाही, हजारोंचं सैन्य म्हणतो. किल्ला आमच्यापैकी कुणी धड पाहिलेला नव्हता, त्यामुळे तो मी मनानं बांधला. मेलेल्यांसाठी मॉडेलं गल्लीतच होती. रात्रपाळी करून लूमवाले सकाळी ओट्यांवर आडवे होत, तोंड उघडं, एक हात खाली लोंबलेला. त्यांच्याइतकं मनापासून मेलेलं माणूस मला रणांगणावरही मिळालं नसतं.

छपाईत कागदावर सगळं उलटं उतरतं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. म्हणून पत्र्यावर उलटं कोरावं लागतं. हे कलाशाळेतलं पहिल्या आठवड्याचं पोर पण सांगेल. मलाही ते माहीत होतं, आणि मी काळजी घेतली. चित्राखाली घराण्याचं नाव आणि मूळपुरुषाचं वर्णन अशा तीन ओळी होत्या. वीस वर्षं मी अक्षरं सुलट कोरत आलेला माणूस, हाताला उलट वळण नव्हतं. ती एकेक वेलांटी आरशात बघून कोरली. काना मागे, मात्रा मागे, रफार कुठल्या कुठे. डोळ्यांत पाणी आलं, पण तिन्ही ओळी चोख उलट्या गेल्या. त्या गेल्या त्या दिवशी मी स्वतःला चहाबरोबर मस्कापाव दिला.

आणि माणसं? माणसं मी बटरपेपरवरून जशीच्या तशी, सुलट उतरवली होती. माझ्या डोक्यात उलटं होण्याची भीती फक्त अक्षरांची होती. नावं घालणाऱ्याचं डोकं. त्याला वाटतं, जगात चुकण्यासारखं फक्त नाव आहे.

आबांच्या वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मी पहिला छाप काढला. शाई पुसायला लूमच्या चिंध्यांची कमी नव्हती. कागद उचलला. अक्षरं अशी सुरेख आली होती की मी तीच वाचत उभा राहिलो. शेजारचा लूमवाला, पूर्वेकडच्या हिंदी मुलखातला, ड्युटीवरून येऊन माझ्या खांद्यावरून बघत होता.

"ये नीचे पड़ा हुआ मैं हूँ ना?"

"हां."

"मर गया?"

"हां."

"अच्छा मरा हूँ." तो खूश झाला. मग जरा जवळ वाकला. "लेकिन पेंटरभाई, पूरी फौज खब्बू है क्या?"

मी बघितलं. मूळपुरुष होडीतून उडी मारून पुढे झेपावला होता. तलवार डाव्या हातात. ढाल उजव्या. त्याच्या मागचे, शिडीवरचे, बुरुजावरचे, सगळ्यांच्या तलवारी डाव्या हातात. फिरंग्यांच्याही. बंदुका डाव्या खांद्याला. एक इसम निशाण नाचवत होता, तोही डावरा.

"जो मर गए वो ठीक हैं," शेजारी दिलासा देत म्हणाला. "उनका पता नहीं चलता."

पत्रा नव्यानं कोरायला वेळ नव्हता. मी चौकट केली आणि दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून घेऊन गेलो, आबांना बाजूला घेऊन सांगू असं ठरवून.

तिथं पोचलो तर हॉल भरलेला. पूजा आटोपली होती. आबांनी चित्र माझ्या हातातून घेतलं, भिंतीला लावलं आणि मागे सरकून बघत राहिले. मग धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले आणि म्हणाले, "नाक माज्यासारखं हाय."

नाक त्यांच्याचसारखं होतं. मी दुकानात त्यांच्याकडे बघूनच काढलं होतं. अशा माणसाला बाजूला घेऊन काय सांगणार?

तेवढ्यात पुढे आले मास्तर. गावच्या शाळेत हयातभर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. माझी आत्या त्याच गावची. तिच्याकडे राहायला असताना मीही त्यांच्या हाताखाली शिकलो होतो. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, चित्राला नाक लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात विचारलं, "काय रे, ही सगळी डावखुरी कशी?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. आणि स्वयंपाकघराच्या दाराशी लाडवांचं ताट घेऊन उभी असलेली त्यांची नातसून, तिनंही बघितलं. ती गणेशपुरीकडची, लग्न होऊन थोडेच महिने झालेले. ताट तिनं उजव्या हातात धरलं होतं आणि ते हलत होतं. डावा हात पदराखाली होता. नंतर कळलं, ती डावरी होती. तिची सासू, म्हणजे आबांची सून, घरात शिस्तीची. वाढायचं उजव्या हातानं, कुंकू उजव्या हातानं, देवाला फूल उजव्या हातानं. चार माणसं आली की डावा हात पदरात. चहा सांडायचा, भाकरी वाकडी व्हायची, आणि बोलणी खायची ती बिचारी.

हे तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. मला फक्त माझी लाज दिसत होती. आणि तोंडातून निघालं, "मुद्दामच आहे गुरुजी. किल्ल्याचे जिने वळणाचे. चढताना उजव्या हाताला भिंत आडवी येते, तलवार फिरत नाही. म्हणून चढाईला डावखुरे निवडून पुढे ठेवत. आबांचं घराणं त्यातलं."

कुठून आलं हे, देव जाणे. मी महिन्याला एवढं बोलत नाही.

"शिडीला कसलं वळण?" मास्तर म्हणाले.

"शिडी संपल्यावर वळण."

कुणीतरी हसलं. मास्तर तांबडे झाले. "आणि फिरंगी? तेही डावखुरे?"

"समोरासमोर उभं राहिलं की आरशासारखंच दिसतं, गुरुजी."

आता सगळा हॉल हसला. आरसा हा शब्द मी स्वतः उच्चारला आणि एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. मास्तर म्हणाले, "अरे, मी पुस्तकं वाचलीयत. असं कुठंही—" तर मागून एक पोरगा ओरडला, "गुरुजी, तुमी उजवे ना, तुमाला नाय कलनार!" त्या दिवसापासून मास्तरांचं नाव पडलं 'उजवे मास्तर'. लग्नाच्या पत्रिकेवर तेवढं छापलं नाही, बाकी सगळीकडे चाललं. ज्या गावाला त्यांनी वाचायला शिकवलं, तिथं ते रस्त्यानं निघाले की पोरं उजवा हात वर करून सलाम ठोकायची.

मी लाडू खाल्ले आणि घरी आलो.

पुढे जे झालं ते मी ठरवूनही करू शकलो नसतो. त्या घरात डावा हात ही घराण्याची खूण झाली. आणि ती खूण अंगावर असलेलं माणूस घरात एकच निघालं, तेही माहेरून आलेलं. सासूबाईंनी एका संध्याकाळीत बाजू पालटली. पाहुणे आले की सुनेला बाहेर बोलवायच्या, "दाखव गं बाय तुजा हात. आमच्या मूलपुरुषाचा हात हाय तो. देवानंच धाडली आमच्याकडं." ती गणेशपुरीची, तिचा यांच्या मूळपुरुषाशी काय संबंध, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. पोरगी डाव्या हातानं चहा ओतायला लागली आणि कपाला खाली बशी लागेनाशी झाली. हळदीकुंकवाला तिनं डाव्या हातानं कुंकू लावलं, आणि बायकांनी कपाळ पुढे केलं.

गावच्या क्रिकेट टीमलाही लागण झाली. जन्माचा उजवा असलेला ओपनिंग बॉलर टुर्नामेंटला डाव्या हातानं टाकायला गेला. पहिला बॉल अंपायरच्या पाठीत बसला. आत्याकडे गेलो की मला हे सगळं ऐकायला मिळायचं. मी हसायचो. मग परत येताना रिक्षातून मास्तर दिसायचे, कडेकडेनं चालणारे, आणि मी मान दुसरीकडे वळवायचो. दोन वर्षं वळवली.

मग गावानं वेशीवर कमान उभारायची ठरवली आणि कमानीवर माझं चित्र मोठं करून सिमेंटात उठवायचं ठरलं. मास्तरांनी सांगून टाकलं की देवळात मंजुरीची बैठक आहे, तिथं ते विरोध करणार. "पोरं शाळेत जाता-येता ते बघतील आणि तेच खरं धरतील," म्हणाले. हे कानावर आलं आणि माझी झोप उडाली. बैठकीआधीच आबांना सगळं सांगून मोकळं व्हावं म्हणून मी बंगल्यावर गेलो. आबा गोडाऊनवर गेले होते. नातसून घरात एकटी होती. तिनं पाणी दिलं. डाव्या हातानं.

"काका, सांगायला आलात ना?" तिनं सरळ विचारलं.

"काय?"

"चित्र उलटं छापलंय ते."

मी तांब्या खाली ठेवला. तिनं मोबाईल काढला, चित्राकडे पाठ करून उभी राहिली आणि सेल्फीसाठी धरला. "बघा."

मोबाईलच्या काचेत तिच्या खांद्यामागे माझी फौज सरळ उभी होती. सगळ्यांच्या तलवारी उजव्या हातात. खालच्या तीन ओळी तेवढ्या उलट्या.

"वास्तुशांतीच्याच दिवशी काढला होता सेल्फी," ती म्हणाली. "तेव्हाच समजलं. मेकअप बघताना बिंदी कुठल्या बाजूला सरकली ते रोज उलटंच दिसतं ना आम्हाला."

"मग बोलली नाहीस?"

"मी कशाला बोलू?" ती हसली, मग हसणं थांबवलं. "काका, सासूबाई वाईट नाहीत. त्यांना कारण लागतं फक्त. ते कारण तुम्ही दिलंत. ते काढून घेतलंत तर माझा हात परत पदराखाली. आणि या वेळी लोक हसतील, ते वेगळं."

"पण मास्तर..."

"त्यांचं वाईट वाटतं मला. मी त्यांना कधी तसली हाक मारली नाही." तिनं तांब्या उचलला. "पण ते बाहेर फिरतात, चार लोकांत बसतात. मला याच घरात राहायचंय."

मी तिला शब्द दिला की बोलणार नाही. अगदी स्वच्छ दिला.

बैठक देवळाच्या मंडपात झाली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मी तांब्याचा पत्रा घेऊन गेलो होतो, कारण कमानीच्या कारागिराला तो लागणार होता. मास्तर उठले, दोन-तीन पुस्तकं पुढ्यात घेऊन. ते पहिलं वाक्यही पुरं करू शकले नाहीत.

"उजवे मास्तर, बसा खाली!"

"वलन आलं का शिडीला?"

सगळे हसले. मास्तर पानं चाळत उभे राहिले. हवं ते पान सापडत नव्हतं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी बसून राहिलो असतो. पण ते मदत मागत असल्यासारखं बघत होते. जुन्या विद्यार्थ्याकडे बघतात तसं.

मी उठलो. दिलेला शब्द मोडतोय हे मला उठतानाच माहीत होतं. बायकांच्या रांगेत ती कुठं बसलीय ते मी बघितलं नाही.

"गुरुजी बरोबर आहेत," मी म्हणालो. "डावखुरे-बिवखुरे कुणी नव्हते. माझी चूक आहे. छापताना उलटं होतं, हे मी विसरलो. आणि जिन्याचं जे सांगितलं ते मी बनवून सांगितलं."

आबांचं तोंड उघडं राहिलं होतं. मी पत्रा वर धरला. "हे बघा. मी कोरलं ते हे. इथं तलवार उजव्या हातात आहे."

पोरं पुढे आली. पत्रा हातोहात फिरला. "आयला, खरंच उजवा हाय!" आबांनी पत्रा घेतला, चित्र आठवून बोटानं तपासला आणि ते हळूहळू खाली बसले. मी वाट बघत होतो, आता काय होतं याची.

"आना इकडं," सासूबाई म्हणाल्या.

त्या बायकांतून उठून आल्या होत्या. त्यांनी पत्रा घेतला, पूजेचं ताट बघावं तसा तिरका करून बघितला.

"पेंटर, ही खालची अक्षरं वाचा बगू."

"ती उलटी आहेत, काकू."

"का?"

"पत्र्यावर सगळं उलटं असतं. छापलं की सुलट होतं."

"सगलं?"

"हो, सगळं."

"मंग मानसं पन उलटीच की पत्र्यावर! पत्र्यावर उजवा, म्हंजी खरा डावरा." त्यांनी पत्रा माझ्या हातात परत दिला. "अक्षरं कागदावर खरी झाली आनि मानसं तेवढी खोटी? एका कागदावर दोन-दोन न्याय?"

मी तोंड उघडलं. अक्षरं मी मुद्दाम उलटी कोरली आणि माणसं विसरून सुलट, हे मी सांगायला लागलो. मलाच ते खोटं वाटायला लागलं. आयुष्यात मी जे एक काम चोख केलं होतं त्याच तीन ओळी माझ्याविरुद्ध साक्ष देत होत्या.

"बरोबर बोलली!" कुणीतरी म्हणालं.

"पेंटरला गुरुजींनी पढवलाय," दुसरं कुणी म्हणालं. "त्याचे मास्तर ना ते."

आबा उठून उभे राहिले, एकदम दहा वर्षांनी तरुण. कमान मंजूर झाली. माझ्याकडे बघून लोक अशा माना हलवत होते की, चांगला माणूस आहे, मास्तरांच्या भिडेला बळी पडला.

मास्तर देवळाबाहेर भेटले. मला वाटलं, शिव्या देतील. ते कठड्यावर बसून हसत होते, चष्मा काढून, पोटावर हात ठेवून.

"गाढवा," म्हणाले, "खरं बोलायला सुद्धा तयारी लागते. आणि ती बाई माझ्या वर्गात असती तर मी तिला मॉनिटर केलं असतं." मग हसू ओसरलं. "दोन वर्षं मला वाटत होतं, मीच कुठं वाचायला चुकलो. रात्री उठून पुस्तकं काढायचो. हे तू आधी येऊन मला एकट्याला सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

त्यांना ती हाक अजून ऐकू येते. मी तिथं असलो तर ओरडतो पोरांवर. पोरं मलाही सलाम ठोकतात.

आबांची नातसून माझ्याशी बोलत नव्हती. ते योग्यच होतं. पण पुढच्याच महिन्यात आबांच्या धाकट्या भावाला त्याच्या बंगल्यासाठी लढाई हवी झाली. ठरवायला मला बंगल्यावर बोलावलं, आणि सासूबाईंनी अट घातली. या खेपेला चित्रात बाई पाहिजे.

"होडीत बाईमानूस आसंलच," त्या म्हणाल्या. "रातीत भात कोनी रांधून दिला? डाव्या हातात कोयता द्या तिच्या. आनि बगून काढा, मनानं नको. ही हाय की घरात."

म्हणजे पहिल्या खेपेला चूक होती, आणि या खेपेला मी समजून-उमजून डावखुरी बाई काढणार होतो. नाही म्हणायला हवं होतं. मी कागद मांडला.

सून अंगणात उभी राहिली, एक पाय ओट्यावर, डाव्या हातात कोयता उचललेला. आरशातल्या उजव्या हातापेक्षा तो वेगळाच हात होता, खांदा निराळा उतरत होता, मूठ निराळी वळत होती. मनानं काढला असता तर पुन्हा चुकलो असतो. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या आणि मला सोडून तिलाच सूचना देत राहिल्या. मध्येच त्या मोबाईल घेऊन उठल्या, सुनेला गळ्याशी धरलं आणि सेल्फी काढला. काचेकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"काका," सून माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली. कित्येक दिवसांनी तिचा मला उद्देशून आलेला पहिला शब्द. "सासूबाई पण सेल्फी काढतात. अगदी वास्तुशांतीपासून, त्याच भिंतीसमोर."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी मोबाईल कमरेला खोचला.

"कागदाकडं बगा, पेंटर."

मी कागदाकडे बघितलं. ऊन वर आलं होतं, कोयता जड होता, आणि मी सावकाश काम करणारा माणूस.

"आई, हात भरून आला," सून म्हणाली. "जरा दुसऱ्या हातात घेऊ?"

"खबरदार उजवा लावशील तर!"

हातातला कोयता तसाच धरून सून खाली बसली आणि हसायला लागली.